सेलबर्नहून गेलेले

विंचेस्टरच्या अभिलेखागारात सेलबर्नची जुनी वही समोर आली की मी आधी काही वेळ नुसती अक्षराची वळणं पाहत बसते. हॅम्पशायरमधलं हे लहानसं गाव. वहीत बाप्तिस्मा, लग्न, दफन एवढंच. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने इंग्लंडच्या प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीला, अशा नोंदी ठेवणं भाग पडलं.

शिकाऊ असताना माझ्या हातून एका बाईवर अन्याय झाला. लग्न मे १७३० मधलं, पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७३०. लग्नाआधीचं मूल, असं मी टिपणात लिहून टाकलं. पण १७५२ पर्यंत इंग्लंडात वर्ष पालटायचं २५ मार्चला. तो फेब्रुवारी आपल्या हिशेबाने १७३१ चा. लग्नाला चांगले नऊ महिने झाले होते. टिपण फाडलं, तरी ती बाई अजून मनात आहे.

गिल्बर्ट व्हाइट याच गावचे. पाखरांच्या निरीक्षणासाठी जग त्यांना ओळखतं. मला त्यांनी याच वह्यांवरून मांडलेला हिशेब अधिक जवळचा. १७२० ते १७७९ या साठ वर्षांत बाप्तिस्मे ९८०, दफनं ६४०. म्हणजे गाव ३४० माणसांनी वाढायला हवं. त्यांचे आजोबा इथे व्हिकर, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते, तेव्हाची वस्ती अंदाजे ५००. १७८३ मध्ये मोजली तेव्हा ६७६. वाढ जेमतेम पावणेदोनशेची. मग बाकीचे दीडशेच्या वर लोक गेले कुठे? बाहेरून आलेल्या सुना, चाकर धरले तर गेलेले त्याहूनही जास्त.

कुलवृत्तांतात अशा शाखेपुढे ‘पुढील माहिती नाही’ असं लिहून थांबतात. मला थांबवत नाही.

कारण गेलेल्यांचा माग लागू शकतो. १६६२ च्या कायद्याप्रमाणे गरिबाला पोसायचं ते त्याच्या हक्काच्या पॅरिशने. परगावी मजूर कफल्लक झाला की न्यायाधीश त्याचा जबाब घेत: जन्म कुठला, सबंध वर्षाची चाकरी कुणाकडे केली, बायकामुलं किती. हेतू एवढाच, की खर्च दुसऱ्या गावाच्या गळ्यात घालावा. पण ज्याला लिहिता येत नव्हतं, त्याने स्वतःविषयी सांगितलेलं बहुधा तेवढंच उरलेलं असतं. खाली सहीच्या जागी फुली. त्या फुलीवर मी बोट ठेवत नाही, शाई जुनी आहे. पण ठेवावंसं वाटतं.

सध्या एका सुताराच्या मुलाच्या मागावर आहे. बाप्तिस्मा सेलबर्नचा, लग्न नाही, दफन नाही. शेजारच्या एम्पशॉटचे कागद पाहून झाले, हॉकलीचेही झाले. न्यूटन व्हॅलन्सच्या बाडासाठी काल चिठ्ठी भरून दिली आहे.