कॉलम बंद, भट्टी चालू!

रविवारी सकाळी साडेआठला माझा फोन वाजला की समजायचं, तिचाच. बाकी कुणाची हिंमत होत नाही.

“ऐक, पुढच्या वेळेपासून मी कॉलम लिहिणार नाहीये. एडिटरांना काल रात्रीच कळवलं.”

मी अर्धवट झोपेत. “का? पैशांवरून काही झालं का?”

“नाही गं. मला मग बनवायचेत.”

झालं! अडीच वर्षांच्या कॉलमचा निकाल दीड मिनिटात लागला.

जरा फ्लॅशबॅक. ती आणि मी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. मी मासकॉम करून फ्रीलान्सिंगला लागले, ती हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत. चार वर्षं कॅब, क्युबिकल, अप्रेझल असं सगळं यथासांग केल्यावर एक दिवस तिने राजीनामा दिला आणि चक्क कुंभारकाम शिकायला गेली. “इंजिनीअर होऊन मडकी घडवणार?” हा तिच्या आजीचा प्रश्न पुढे वर्षभर घरात घुमत होता. परत आल्यावर तिने धायरीत पत्र्याची शेड भाड्याने घेतली, कर्ज काढून इलेक्ट्रिक भट्टी आणली आणि मग, बाऊल, ताटल्या विकायला सुरुवात केली.

कॉलमची आयडिया माझी. एका पुरवणीच्या एडिटरांशी माझी ओळख होती. दर पंधरा दिवसांनी सहाशे शब्द, मातीबद्दल. माती कशी मळायची, चाकावर गोळा मधोमध आणताना अख्खं शरीर कसं स्थिर ठेवावं लागतं, भट्टीतून भांडं बाहेर येताना आकाराने लहान का होतं... ती छान लिहायची. वाचकांची पत्रं यायची, कॉलेजांतून बोलावणी यायची. ‘मडकी’ म्हणणारी आजी कात्रणं फायलीला लावायला लागली. आणि खरं सांगू? माझीही कॉलर ताठ होती. दर दुसऱ्या रविवारी मी तिच्याकडे जायचे, लेखावरून शेवटचा हात फिरवायचे आणि दोघी मिसळ खायला बाहेर पडायचो. तो कॉलम थोडासा माझाही होता.

त्यामुळे त्या रविवारी मी तणतणतच धायरी गाठली.

शेडमध्ये ती चाकावर बसलेली, कोपरापर्यंत चिखल. मी ठेवणीतला मुद्दा काढला. “अगं, लिहिणं म्हणजे तुझी फुकटातली जाहिरात आहे!”

तिने मानेनेच कपाटाकडे खूण केली. “ऑर्डरची वही काढ. गिऱ्हाईक कुठून आलं ते मी प्रत्येक नावापुढे लिहिते.”

मी वही चाळली. मैत्रिणीची मैत्रीण, प्रदर्शन, एका कॅफेत मग पाहिला, परत आलेलं जुनं गिऱ्हाईक... वर्षभरात लेख वाचून आलेल्या ऑर्डरी? एका हाताची बोटंही पुरून उरली.

“लेखांमुळे लोक मला ओळखायला लागले. माझ्या मगला नाही,” ती म्हणाली.

मी हार मानणाऱ्यातली नाही. तिच्याच फळीवर बर्नार्ड लीचचं ‘अ पॉटर्स बुक’ होतं. १९४० साली आलेलं हे पुस्तक आजही या क्षेत्रात शिरणाऱ्यांच्या हातात दिसतं. तेच मी तिच्यासमोर नाचवलं. “हा माणूस कुंभारच होता ना? लिहीत होताच की!”

“लीचकडे वर्कशॉप सांभाळायला मुलगा होता, डेव्हिड. रोजच्या वापराची भांडी ठरलेल्या मापात काढणारी माणसं होती. माझ्याकडे एक मावशी आहेत. त्या दोन वाजता घरी जातात.”

मग तिने ती गोष्ट सांगितली, जी महिनाभर माझ्यापासून लपवली होती.

एप्रिलमध्ये तिला एका कॅफेची एकशेवीस मगची ऑर्डर मिळाली होती. आजवरची सगळ्यात मोठी. मग चाकावरून उतरला की तो थोडा घट्ट झाल्यावर कान जोडतात. त्यानंतर प्लॅस्टिक झाकून हळूहळू वाळवायचा. कारण कान बारीक, तो आधी वाळतो. मगचं अंग अजून ओलं असताना कान आक्रसायला लागला की जोडावर तडा जातो. त्या दिवशी तिने चाळीसेक मगना कान जोडले आणि झाकण्याआधी ‘पाचच मिनिटं’ म्हणून लॅपटॉप उघडला. दुसऱ्या दिवशी सकाळी लेख द्यायचा होता. उठली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. पुण्यातला एप्रिल, वर पत्रा, खाली उघडे मग. सकाळी जवळजवळ सगळ्यांच्या जोडावर केसासारखी चीर.

“आणि लेखाचा विषय काय होता, माहितीये?”

मला माहीत होता. मीच तर त्यावरून हात फिरवला होता. ‘मगचा कान तडकू नये म्हणून काय कराल?’

आम्ही दोघी हसलो. पण ती आधी थांबली.

“कच्ची माती वाया जात नाही गं. पाण्यात टाकली की विरघळते, परत मळता येते. दिवस परत मळता येत नाहीत.” ऑर्डर आठ दिवस उशिरा गेली. त्या कॅफेने प्लेट्सची पुढची ऑर्डर दुसऱ्या कुणाला तरी दिली. भट्टीचा हप्ता मात्र वेळेवर कापला गेला.

माझ्या पोटात गोळा आला. कारण त्या रात्री साडेदहाला ‘कुठवर आलं? लवकर पाठव!’ असा मेसेज मीच केला होता.

घरी येताना रिक्षात बसून मी स्वतःचाच हिशोब मांडत होते. आपण सगळेच असं काहीतरी चालवत असतो ना? मुख्य काम एक आणि त्याच्या शेजारी, लोक ‘वा’ म्हणतात ते दुसरं. ‘वा’ पटकन मिळते. मुख्य काम मात्र एकशेवीस वेळा तेच कान जोडायला लावतं, आणि तिथे टाळ्या वाजवायला कुणी नसतं. मैत्रीण म्हणून मी तिला ‘वा’ मिळवून दिली होती. शेड कशी चाललीये, हप्ता जातोय का, हे अडीच वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मला ती लिहिताना आवडायची, कारण लिहिताना ती माझ्यासारखी असायची.

मी एकच शेवटचा हट्ट केला. “निदान निरोपाचा एक लेख तरी लिही. वाचकांना बरं वाटेल.”

“निरोपाच्या लेखालाही दोन दिवस लागतात,” ती म्हणाली.

रविवार आमचे अजून तसेच आहेत. फरक इतकाच की आता लेखाऐवजी मी मगांवरून शेवटचा हात फिरवते. भट्टीतून निघालेल्या मगचं बूड खरखरीत असतं, टेबलावर चरे पडतात. ते पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचं काम माझं. पहिल्या दिवशी सहा मगांतच मनगट भरून आलं. आता तीस होतात.

मागच्या रविवारी मी एक मग घासून तिच्यापुढे धरला. तिने बुडावरून अंगठा फिरवला आणि परत माझ्या हातात दिला.

“अजून थोडं.”

एडिटर म्हणून अडीच वर्षं मी तिला नेमकं हेच सांगत होते.