दादींचं तप



आमच्या सासूबाईंना जाऊन वर्ष झालं. नातवंडांची दादी, तीच गल्लीची दादी.

देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली मुंबईत बांद्र्याला सुरू झालं. जामनेरात दादी तेच काम घरोघरी जाऊन करत. डॉक्टरांनी हात टेकलेल्या माणसाजवळ बसायचं, कापसाने ओठ ओले करायचे, कूस बदलून द्यायची. जैन असेल तर नवकार, वारकरी असेल तर हरिपाठ. ‘बरे व्हाल’ असं खोटं कधी बोलल्या नाहीत.

एका पर्युषणात माझी अठाई होती. पारण्याच्या सकाळी दादी शेजारच्या आजारी काकूंकडेच थांबल्या. मी रुसले. सासरे एवढंच म्हणाले, “बेटा, वैयावच्चही तपच आहे.” सहा आभ्यंतर तपांत ते येतं, हे मला पाठ होतं, कळलं नव्हतं.

शेवटी दादींच्या उशाशी सासरे आणि मी होतो. ओठांना कापूस लावताना माझा हात थरथरला. त्यांनीच तो धरला.

आता आठवड्यातून दोनदा मीही एका आजारी आजींजवळ बसते.

त्या रुसव्याबद्दल, दादी, मिच्छामि दुक्कडम्.