शिट्टीविना पथक

शेफिल्डच्या त्या स्काउट हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि आधी आला तो ओल्या तंबूंचा वास. पुण्यात शाळेत गाइड होते तेव्हा सामानाच्या खोलीत अगदी हाच वास यायचा. समोरच्या मुलीने डावा हात पुढे केला. जगभरच्या स्काउट-गाइडांचं हस्तांदोलन डाव्या हाताचंच. माझाही डावा हात आपसूक पुढे गेला. दहावीनंतर सात वर्षांनी.

आता शिट्टी वाजेल, रांगा लागतील, असं वाटत होतं. तसं काही झालं नाही. सातजण जमिनीवर बसले होते. एक नर्स रात्रपाळीला जाण्याआधी तासभर आलेली, एक इलेक्ट्रिशियनचं काम शिकणारा, बाकीचे विद्यापीठातले. मध्ये एक नकाशा आणि बिस्किटांचा पुडा. थोड्या वेळाने मला विचारलं गेलं, "तुला काय करायला आवडेल?" मी सांगितलं, आमच्याकडे मुलं-मुली पौर्णिमेच्या रात्री गड चढतात, तसं काहीतरी. "छान! मग त्याचं सगळं तू बघ."

ब्रिटनमध्ये याला स्काउट नेटवर्क म्हणतात. वय 18 ते 25. दर आठवड्याला हजेरीची सक्ती नाही. परीक्षा असेल, पाळी बदलली असेल, तर महिनाभर आला नाहीत तरी कोणी नाव कापत नाही. साहस, आंतरराष्ट्रीय काम आणि समाजासाठीचं काम अशा तीन वाटा आहेत. त्यांतून काय करायचं ते सदस्यांनीच ठरवायचं आणि सदस्यांनीच पार पाडायचं. पूर्वी स्काउट असण्याची अट नाही. मात्र सदस्य प्रौढ मानले जातात, त्यामुळे पोलिसांकडच्या नोंदींची तपासणी आणि सुरक्षिततेचं प्रशिक्षण कोणालाच चुकत नाही.

कल्पना जुनी आहे. लहान मुलांसाठीची चळवळ मुलं मोठी झाल्यावर अपुरी पडते, हे स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या लवकर लक्षात आलं आणि 1918 मध्ये मोठ्या मुलांसाठी रोव्हर विभाग सुरू झाला. 1931 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या कांडरश्टेगला रोव्हरांचा पहिला जागतिक मेळावा भरला. पुढे ब्रिटनने 1966 च्या अहवालानंतर रोव्हर विभाग बंद केला. भारताने तो ठेवला. आपल्याकडे महाविद्यालयांतून मुलांसाठी रोव्हर आणि मुलींसाठी रेंजर आजही आहेत. मी मात्र अकरावीत गेले आणि गाइडिंग सुटलं, कारण पुढेही असं काही असतं हे मला कोणी सांगितलंच नाही. त्याची हळहळ अजून आहे.

स्काउटचं वचन द्यायची वेळ आली तेव्हा मी अडखळले. दुसऱ्या देशाच्या राजाशी निष्ठेची शपथ कशी घ्यायची? पण त्याची सोय आधीच केलेली होती. परदेशी नागरिकाने "मी सध्या ज्या देशात राहते, त्या देशाप्रती" कर्तव्याचं वचन द्यायचं. देव न मानणाऱ्यांसाठीही 2014 पासून वेगळा मसुदा आहे. त्या "सध्या राहते" या शब्दांनी मला त्या अनोळखी शहरात जेवढा आधार दिला, तेवढा दुसऱ्या कशानेच दिला नाही.

आणि पुणे? पुणे पथकातल्या दोघींना मी सांगण्याआधीच ठाऊक होतं. त्या गर्ल गाइड होत्या आणि आळंदी रस्त्यावरच्या 'संगम'मध्ये राहून आल्या होत्या. गर्ल गाइड आणि गर्ल स्काउट यांच्या जागतिक संघटनेची मोजकी जागतिक केंद्रं आहेत. 1966 मध्ये सुरू झालेलं संगम हे त्यांतलं एक. मी कितीदा त्या रस्त्याने गेले असेन. आत काय आहे ते मला शेफिल्डमध्ये कळलं.

सहल ठरली किंडर स्काउट या डोंगराची. उंची 636 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या निम्मीसुद्धा नाही. पण वर सपाट पठार, काळी दलदलीची माती, तिच्यात पाण्याने कोरलेले माणूसभर खोल चर. गडावर वाट चुकली तरी कडा, बुरूज, निदान खालच्या गावातला दिवा खूण सांगतो. इथे धुकं उतरलं की सगळ्या दिशा सारख्या दिसतात. त्या डोंगरालाही तरुणांचा इतिहास आहे. 24 एप्रिल 1932 रोजी शेकडो कामगार तरुण जमीनदारांची बंदी मोडून तिथे चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा 20 वर्षांचा होता. पाचजण तुरुंगात गेले. आज सामान्य माणूस तिथे मोकळेपणाने चालतो, त्यात त्या पोरांचा मोठा वाटा आहे.

तयारी माझ्याकडे होती. गाड्यांच्या वेळा, खर्चाचा हिशोब, कुठे काय धोका आहे आणि तो आला तर काय करायचं याचा लेखी आराखडा. शिवाय घरी थांबणारा एकजण, ज्याच्याकडे सगळ्यांची नावं, मार्ग आणि परतीची वेळ. ठरल्या वेळेला निरोप आला नाही तर पुढचे फोन त्याने करायचे. सह्याद्रीत जाणाऱ्या प्रत्येक गटाने ही एक गोष्ट उद्यापासून सुरू करावी. पैसे लागत नाहीत.

नोव्हेंबरात तिथे चारलाच अंधारतं. एडेल स्टेशनवरून निघालो, जेकब्ज लॅडरच्या पायऱ्यांनी वर आलो आणि किंडर लोच्या सर्वेक्षणाच्या खांबाशी धुक्याने गाठलं. पुढे किंडर डाउनफॉल या धबधब्यापर्यंत जायचं होतं. सगळे थांबले आणि माझ्याकडे पाहू लागले. शाळेत अशा वेळी बाईंकडे पाहायचो. इथे बाई नव्हत्या. स्पिरिटच्या स्टोव्हवर चहा ठेवला, प्रत्येकाने आपलं मत सांगितलं. दोघांना पुढे जायचं होतं, एकीचे बूट आतून भिजले होते. मी परत फिरायचं ठरवलं. होकायंत्र हातात धरून, पाचशे-पाचशे पावलं मोजत आम्ही पायऱ्यांपर्यंत उतरलो. परतीच्या गाडीत कोणीही "जाता आलं असतं" असं म्हणालं नाही. माझ्या निर्णयाचा इतका मान याआधी कोणी राखला नव्हता.

मार्चमध्ये पुन्हा गेलो, दिवसाउजेडी. पश्चिमेचा वारा सुटला होता आणि किंडर डाउनफॉलचं पाणी खाली पडण्याऐवजी वर उडत होतं. पावसाळ्यात नाणेघाटात दिसतं, अगदी तसंच. मी फोनमधला नाणेघाटाचा व्हिडिओ दाखवला. नर्स म्हणाली, "तिकडची सहल कोण बघणार?"

शिकायला किंवा नोकरीला ब्रिटनमध्ये असाल आणि पंचविशी ओलांडली नसेल, तर आपल्या भागातल्या नेटवर्कला एक ईमेल करा. आणि महाविद्यालयात रोव्हर-रेंजरांचं काम बघणाऱ्या सर-मॅडमना एक विनंती आहे. पुढच्या शिबिराचा हिशोब, नकाशा आणि वेळापत्रक मुलांच्या हाती द्या.