शालीऐवजी रफाकत

आमच्याकडे बुजुर्गांचा सत्कार ही गोष्ट इतकी ठरलेली आहे की तिची कार्यक्रमपत्रिका कोणीही डोळे मिटून लिहील. तिलावत, स्वागत, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, चार भाषणे, दोन शेर आणि मग नाश्ता. सत्कारमूर्तींना शेवटी पाच मिनिटे मिळतात. त्यातली दोन आभारात जातात. ज्या विद्येसाठी हा सगळा जलसा भरवलेला असतो, तिच्याविषयी बोलायला उरलेली तीन मिनिटे पुरत नाहीत. दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो आणि बुजुर्ग पुन्हा आपल्या खोलीत एकटे.

आमच्या भागात उर्दू शाळेत मराठी शिकवणारे एक निवृत्त सर आहेत. त्यांच्याकडे अशा चौदा शाली जमल्या होत्या. पंधराव्या सत्काराचे विचारायला आम्ही गेलो, तेव्हा ते म्हणाले, "मेरेकू शाल नको रे. अब रखनेकू जगा नै. बैठनेकू आव, काम पडा है."

आम्ही म्हणजे उर्दू माध्यमाच्या शाळांतले नऊ शिक्षक. बहुतेक तिशीतले, बी.एड. होऊन नोकरीत आठ-दहा वर्षे काढलेले. सरांचे हे बोलणे आमच्या मनातून गेले नाही. काम पडले आहे म्हणणाऱ्या माणसाला शाल देणे म्हणजे त्याला 'आता तुमचे काम संपले' असे अदबीने सांगणेच की! मग बुजुर्गाचा मान करायचा तरी कसा? त्या शोधात आम्ही 'फेलोशिप' या शब्दापाशी येऊन पोचलो.

हा शब्द आमच्या समाजात अनोळखी नाही. पण घरी विचारले तर फेलोशिप म्हणजे पीएच.डी. करणाऱ्या मुलाला दरमहा मिळणारे पैसे, एवढाच अर्थ सांगितला जातो. अल्पसंख्याक समाजातल्या संशोधक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली. डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत तसे सांगण्यात आले, तेव्हा कितीतरी घरांत त्याची चर्चा झाली. पण या शब्दाचा दुसराही एक अर्थ आहे. विद्वानांची संस्था आपल्यातल्या ज्येष्ठ माणसाला 'तुम्ही आमचे फेलो' म्हणते, तेव्हा ती त्याला आपल्यात बसवते, त्याचे स्थान कायमचे राखते. तरुणाच्या फेलोशिपची मुदत संपते, ज्येष्ठाची संपत नाही. उर्दूत यासाठी फार जवळचा शब्द आहे : रफाकत. रफीक म्हणजे सोबती.

आपल्या देशात या मानाचे सर्वांत मोठे उदाहरण साहित्य अकादमीचे. अकादमी १९५४ साली स्थापन झाली आणि पहिली फेलोशिप १९६८ साली डॉ. राधाकृष्णन यांना देण्यात आली. ही फेलोशिप साहित्यातल्या 'अमर' मंडळींसाठी आहे, आणि एका वेळी हयात असलेले फेलो २१ पेक्षा जास्त असू नयेत असा नियम आहे. एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या भाषांत फक्त २१ जागा! १९७० सालच्या फेलोंची नावे पाहिली की आमच्यासारख्या दोन भाषांत राहणाऱ्यांना विशेष आनंद होतो. मराठीचे वि. स. खांडेकर त्यात आहेत, मल्याळमचे वैकम मुहम्मद बशीर आहेत आणि उर्दूचे फिराक गोरखपुरी आहेत. फिराकांचे मूळ नाव रघुपती सहाय. उर्दूचा मान एका हिंदूला आणि मल्याळमचा एका मुसलमानाला, तोही एकाच वर्षी! वर्गात भाषा आणि धर्म यांची गाठ मारणारा प्रश्न आला की आम्ही मुलांना या तीन नावांची गोष्ट सांगतो. पुढे १९९४ साली कुर्रतुलऐन हैदर आणि १९९६ साली विंदा करंदीकर अकादमीचे फेलो झाले.

पण अकादमी देशाची. तिच्या २१ जागांकडे पाहून गावातल्या मास्तराने काय करायचे? आम्हाला जवळची वाटली ती व्यवसायातल्या लोकांनी आपल्याच ज्येष्ठांना फेलो म्हणण्याची रीत. शिक्षण क्षेत्रात अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशन ही संस्था १९१६ पासून आहे. तिच्यात फेलो निवडण्याची पद्धत अशी की नावे सहकाऱ्यांनीच सुचवायची, समितीने कामाची छाननी करायची आणि मग परिषदेने मंजुरी द्यायची. मंत्र्याच्या हस्ते, आमदारांच्या शुभेच्छांसह वगैरे काही नाही. ज्याला ते काम कळते, त्यानेच ते तोलायचे.

याच संस्थेचे अध्यक्ष म्हणून ली शुलमन यांनी १९८५ साली केलेले भाषण पुढच्या वर्षी छापले गेले आणि जगभरच्या अध्यापक विद्यालयांत पोचले. शुलमन यांचे म्हणणे थोडक्यात असे : विषयाचे ज्ञान एक, शिकवण्याच्या पद्धतीचे ज्ञान दुसरे; पण चांगल्या शिक्षकाकडे तिसरेच एक ज्ञान असते. हा धडा मुलांना नेमका कुठे अडतो, का अडतो आणि कोणत्या उदाहरणाने सुटतो, हे फक्त त्यालाच ठाऊक असते. बी.एड.ला आम्ही 'आशययुक्त अध्यापन' नावाचा पेपर दिला. त्याचा खरा अर्थ आम्हाला सरांच्या घरी उमगला.

सरांनी नोकरीच्या काळात अकरा रजिस्टरे लिहून ठेवली होती. त्यांत उर्दू माध्यमाच्या मुलांनी मराठीत केलेल्या चुका होत्या. तारीख, इयत्ता, मुलाने काय लिहिले आणि तसे का लिहिले असावे. मुलाचे नाव कुठेच नाही. चुकीवर लाल रेघ न मारता सर समासात लिहीत : 'उर्दूत बरोबर'. हे दोन शब्द आम्ही पहिल्यांदा वाचले, तेव्हा कोणी काही बोलले नाही. आमच्यातले बहुतेक जण अशाच चुकांसाठी हातावर छड्या खाऊन मोठे झालेले.

काही नमुने द्यायलाच हवेत. 'खाली बस' म्हटल्यावर मूल रिकामे बाक शोधू लागते, कारण उर्दूत खाली म्हणजे रिकामे. 'तुझं दप्तर कुठे आहे?' या प्रश्नाला ते मुख्याध्यापकांच्या खोलीकडे बोट दाखवते, कारण उर्दूत दफ्तर म्हणजे कार्यालय. तालीम म्हणजे उर्दूत शिक्षण आणि मराठीत आखाडा. खुलासा म्हणजे उर्दूत सारांश आणि मराठीत स्पष्टीकरण. सर्वांत बहारीची नोंद सातवीच्या एका मुलाची. मावळ्यांनी किल्ला घेण्यासाठी शिकस्त केली, असे धड्यात होते. मुलाने उत्तरात लिहिले, मावळे हरले. उर्दूत शिकस्त म्हणजे हार. मराठीत येता येता हा शब्द हरायचे सोडून पराकाष्ठा करायला लागला!

लिंगाचे प्रकरण तर वेगळेच. उर्दूत नपुंसकलिंग नाही. किताब स्त्रीलिंगी, म्हणून मूल 'माझी पुस्तक' लिहिते. ण आणि ळ यांना उर्दू लिपीत स्वतंत्र अक्षरे नाहीत, म्हणून 'बाल' आणि 'बाळ' वहीत एक होतात. 'चार' आणि 'चाक' यांतला च लिहिण्यात सारखा, बोलण्यात निराळा; हे पुस्तकात कुठे सांगितलेले नसते. आणि उर्दूत 'हम' एकच, मराठीत मात्र 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचे तर आम्ही, सोबत घ्यायचे तर आपण. सरांच्या नोंदीत लिहिले आहे : 'हा फरक व्याकरण म्हणून न शिकवता खेळ म्हणून शिकवावा. मुलांना दोन गटांत उभे करावे.' हा खेळ आम्ही आता पाचवीत घेतो. पंधरा मिनिटांत मुलांना कळते.

फारसी शब्द मराठीत कसे आले आणि कसे बदलले याचा अभ्यास मोठ्या विद्वानांनी केला आहे. माधव जूलियन यांचा 'फार्शी-मराठी कोश' १९२५ सालचा. सेतुमाधवराव पगडींनी उर्दू कविता मराठी वाचकांच्या हाती दिली. पण शब्दाचा हा प्रवास दहा वर्षांच्या मुलाच्या वहीत उलटा घडतो, तेव्हा काय होते हे लिहून ठेवणारे कोश कमीच. तसे लिहिणाऱ्या माणसाला विद्वान म्हणायचे की नाही, यावर आमच्या बैठकीत दोन रविवार वाद झाला. एक सहकारी म्हणाला, "सरांचं एकही पुस्तक नाही, पीएच.डी. नाही. लोक हसतील." त्यावर दुसरीने विचारले, "पीएच.डी. करणारा ज्या माहितीसाठी शाळाशाळांतून फिरेल, ती ज्याच्याकडे आधीच आहे, त्याला काय म्हणशील?" वाद तिथे मिटला.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या हजारो घरांत पाणी शिरले, त्यांत सरांचेही घर होते. अकरांपैकी चार रजिस्टरांचा लगदा झाला. पहिली ते चौथीच्या नोंदी त्यांतच होत्या. सरांना त्यांतले बरेच तोंडपाठ होते, पण डोळे साथ देईनात आणि लिहिता हात कापू लागला. त्यानंतर करोनाची दोन वर्षे गेली. म्हणून २०२२ साली आम्ही ठरवले की आता कोणाची वाट पाहायची नाही. मोठी संस्था, मोठा निधी, मोठा पाहुणा यांतले काही नाही. आमच्या नऊ जणांच्या मंडळाची 'रफाकत' सुरू करायची.

नियम चारच केले. निवड कामावर, हुद्द्यावर नाही. आणि मत देणारे शिकवणारेच असतील. शाल-श्रीफळ नाही. निवडलेल्या रफीकांनी वर्षभर महिन्यातला एक रविवार आमच्यासोबत बसायचे. आणि त्या वर्षात त्यांच्या कामाची स्वच्छ प्रत तयार करून द्यायची जबाबदारी आमची. खर्चाला प्रत्येकी दरमहा शंभर रुपये. निवड जाहीर करायला ११ नोव्हेंबर हा मौलाना आझादांचा जन्मदिवस घेतला. २००८ पासून तो राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो.

पहिले रफीक अर्थातच सर. त्या वर्षीचे बारा रविवार आम्हाला बी.एड.च्या वर्षापेक्षा जड आणि गोड गेले. आम्ही नोंद वाचायची, सरांनी ऐकायची. मधेच हात वर करून थांबवायचे. "ये ऐसा नै था. बच्चेने पहले खोडा था, बाद में लिखा." बुडालेल्या चार रजिस्टरांतल्या शंभरावर नोंदी त्यांनी आठवून सांगितल्या. काही आठवल्या नाहीत. तिथे प्रतीत जागा कोरी ठेवायची असे त्यांनीच सांगितले. अंदाजाने भरू दिले नाही.

दुसऱ्या वर्षी खरी परीक्षा झाली. एका निवृत्त मुख्याध्यापकांसाठी चहूकडून फोन आले. माणूस मोठा, ओळखी मोठ्या, पण दाखवण्यासारखे काम विचारले तर प्रमाणपत्रांची फाइल. आम्हा तिशीतल्या मास्तरांना ज्येष्ठांविषयी 'नाही' म्हणणे सोपे नसते. पण नियम शिकवणाऱ्यांच्या मतांचा होता आणि मते पडली ती एका आपांना. आपांनी एकतीस वर्षे पहिलीचा वर्ग घेतला. त्यांच्याकडे कागद म्हणून काही नव्हतेच. त्यांना कोणी विदुषी म्हटले नव्हते. त्यांच्या वाट्याला सत्कारही निवृत्तीच्या दिवशीचा एकच. घरी दख्खनी, शाळेत उर्दू आणि गल्लीत मराठी ऐकणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला त्या दोन महिन्यांत वाचते कसे करत, हे त्यांच्या हातात आणि आवाजात होते. ते कसे जतन करायचे? शेवटी आम्ही एका शाळेची परवानगी घेऊन त्यांना पुन्हा पहिलीच्या वर्गात उभे केले आणि मागे बसून लिहून घेतले. आपा पहिल्या दिवशी संकोचल्या. "मैं क्या बोलूँ, तुम तो बी.एड. वाले," असे म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी आमच्यातल्या एकाला उठवून खडू कसा धरायचा ते दाखवले.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंद आहेच. पण सक्ती आणि दर्जा यांनी मुलाच्या वहीतला 'खाली'चा घोळ सुटत नाही. तो सोडवणारे ज्ञान गावोगावच्या निवृत्त शिक्षकांकडे आहे, आणि त्यांतले कित्येक आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांच्यासाठी दिल्लीच्या २१ जागांची गरज नाही. नऊ माणसे, महिन्याचा एक रविवार आणि शंभर रुपये एवढ्यावर भागते, हे आम्ही करून पाहिले आहे.

सरांच्या रजिस्टरांची प्रत आता पूर्ण झाली आहे. तिच्या झेरॉक्स सात शाळांत गेल्या. एक प्रत आम्ही सरांना दिली, मोठ्या अक्षरांत छापून. त्यांनी ती भिंगाखाली धरून चार दिवस वाचली आणि परत पाठवली. आमच्या शुद्धलेखनाच्या एकोणीस चुका त्यांनी काढल्या होत्या. त्यांतल्या तीन चुकांसमोर समासात कापऱ्या अक्षरांत लिहिले होते : 'उर्दूत बरोबर'.