बाळाचा सव्वा महिना

गाय व्याली की वासराला आधी चीक पाजायचा, हे शेतकऱ्याच्या घरातले शेंबडे पोरही सांगते. मी कृषी खात्यात विस्ताराचे काम करतो. खटाव तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर हिंडताना पिकाबरोबर गोठाही पाहावा लागतो. वासराच्या वजनाच्या साधारण एक दशांश चीक पहिल्या दिवशी त्याच्या पोटात गेला पाहिजे, हे किती दारांत सांगितले असेल याची गणती नाही. पण त्याच घरांच्या माजघरात बाळंतिणीचा पिवळसर चीक ‘बाळाला जड पडतो’ म्हणून पिळून टाकलेला मी ऐकला आहे. कालवडीला जे मिळे ते लेकीला मिळत नसे.

याचे एक कारण मला शास्त्रात सापडते. गाईच्या वारेतून वासराला रोगाशी झुंजणारी द्रव्ये मिळत नाहीत. त्याला सारे चिकातूनच मिळायचे असते. चीक चुकला की वासरू हगवणीने जाते आणि मालकाला धडा मिळतो. माणसाच्या बाळाला मात्र काही शिदोरी आईच्या पोटातच मिळालेली असते. त्यामुळे चीक न मिळालेली पुष्कळ मुले जगली, आणि टाकला तरी बिघडत नाही असे लोकांना वाटत राहिले. पण बाळाच्या आतड्याला संरक्षण देणारे द्रव्य त्या चिकातच असते.

यंदा पौषात लेक बाळंतपणाला माहेरी, वडूजला आली. दवाखान्यात मुलगी झाली, 2 किलो 800 ग्रॅमची. तासाभरात तिला अंगावर घेतले. घरी आणल्यावर खरा कारभार सुरू झाला तो माझ्या आईचा. आईने ऐंशी ओलांडली आहे. तिने एकच विचारले, “आठवा दीस कवा हाय?”

माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. घरीच बाळंतपण, नाळ विळ्याने कापली, वर शेणी जाळलेली राख लावली. सहाव्या दिवशी पोरीने दूध ओढायचे सोडले, तोंड मिटले, अंग ताठले आणि आठव्या दिवशी गेली. लोक म्हणाले, सटवाईने नेली. तो धनुर्वात होता. त्याचे बीज शेणात, मातीत वर्षानुवर्षे टिकते. ज्या शेणखताचे गुण मी सांगत फिरतो, त्याचा बाळाच्या ओल्या नाळेशी संबंध नको, एवढीच ती गोष्ट. गरोदरपणी आईला टोचलेल्या लसीचे बळ पोटातल्या बाळालाही मिळते. स्वच्छ बाळंतपण आणि ही लस यांमुळे 2015 साली नवजात बाळांच्या धनुर्वाताचे देशातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. हे आईला समजावले. तिने मान डोलावली, पण रात्री दिवा मालवू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी आशाताई आल्या. आधी साबणाने हात धुतले, मग झोळीचा काटा लावला. वजन भरले 2 किलो 620. झाले! “आरं, प्वार सुकाय लागलंय. हिला दूध न्हाय. शेळीचं आण,” आईने मला फर्मावले. आमच्या सौ.ही बाटली शोधू लागल्या. लेक भिंतीकडे तोंड करून रडत होती. रडणाऱ्या बाळंतिणीला पान्हा नीट फुटत नाही, हे गाय आटवणाऱ्यांना तरी सांगायला नको.

जन्मल्यावर बाळाचे वजन थोडे उतरतेच. दहाव्या हिश्शाच्या आत असेल तर घाबरायचे नसते, दोन आठवड्यांत ते भरून निघते. दूध पुरते की नाही याचा हिशोब लंगोटावर करावा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसातून सहा वेळा शू झाली की पोट भरते असे समजावे. मी दाराला खडूने रेघा ओढल्या. आठ भरल्या. सातव्या दिवशी वजन 2 किलो 680, चौदाव्या दिवशी 2 किलो 850. बाटली माळ्यावर गेली. आठवा दिवसही मध्ये येऊन गेला. आईने त्या दिवशी फक्त दृष्ट काढली.

आशाताई तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा असे दिवस धरून येतात. या कामाचे मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1995 ते 1998 या काळात 39 गावांतल्या बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तुलनेला 47 गावे वेगळी ठेवली. आमच्या भाषेत, प्रात्यक्षिकाचा प्लॉट आणि शेजारचा साधा प्लॉट! नवजात बालकांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि 2011 पासून देशभर आशाताईंकडे हे काम दिले गेले. वाण चांगले निघाले की ते विद्यापीठाच्या आवारात राहू नये, तसेच हे.

बाकी भांडणे किरकोळ. ओव्याची धुरी बंद केली, कारण धूर इवल्या फुप्फुसांना सोसत नाही. मध आणि घुटी नाही, सहा महिने पाणीसुद्धा नाही. बाजारच्या काजळात शिसे असू शकते म्हणून डोळ्यात काजळ नको म्हटले. तेव्हा आईने तळपायाला तीट लावून आपला मान राखला. तेल लावून अंग चोळायला माझी ना नव्हती, फक्त नाका-कानात तेल नको.

झोपेत बाळ हसले की आई म्हणते, सटवी हसवते. जागेपणी ओळखून हसू यायला सहाएक आठवडे लागतात. सुरुवातीला बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचेच नीट दिसते, म्हणजे छातीशी धरल्यावर आईचे तोंड दिसते तेवढे. मोठा आवाज झाला की दोन्ही हात फाकून दचकते. त्याची भीती नको, न दचकले तर मात्र डॉक्टरांना सांगावे. बाळाने दूध ओढायचे सोडले, अंग गार पडले, छाती आत ओढली जाऊ लागली, श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त झाले, किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर देवऋषी, काढा यांत वेळ न घालवता 108 ला फोन करावा.

बेचाळिसाव्या दिवशी नात 3 किलो 700 भरली. त्याच आठवड्यात उपकेंद्रात दीड महिन्याच्या लसी झाल्या. रात्री अंग थोडे तापले, दुसऱ्या दिवशी उतरले. आता जावई दर दोन दिवसांनी फोन करतात, कधी पाठवता म्हणून. त्यांच्याकडे गव्हाला शेवटचे पाणी चालू आहे, घरात माणूस कमी. आई म्हणते, तीन महिने झाल्याशिवाय पोर दाराबाहेर जायची नाही. लेकीलाही अजून चार दिवस राहावेसे वाटते आहे, पण ती तसे बोलत नाही.