नाव नसलेले बटण

काचबिंदूने माझ्या काकांची नजर गेली, त्याला बारा वर्षे झाली. पण लोह्याकडची शेती त्यांनी सोडली नाही. तुरीच्या शेंड्यावरून हात फिरवला की झाड उबळले की नुसते तहानले, हे ते सांगतात.

फोनशी मराठीत बोलावे आणि त्याने उत्तर द्यावे, ही सोय आता आली आहे. पीएम किसानच्या चौकशीसाठी सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘किसान ई-मित्र’ आणला, तोही बोलून विचारण्याचा. काकांना वाटले, हे तर आपल्यासाठीच!

पिकाचा सल्ला देणारे दुसरे एक ॲप आम्ही घेतले. अँड्रॉइड फोनात टॉकबॅक असते. बोट जाईल तिथे काय आहे ते वाचून दाखवते. पण माइकच्या चित्रावर बोट गेले की ते म्हणे, नाव नसलेले बटण. ॲप करणाऱ्याने त्या चित्रामागे ‘बोला’ एवढा एक शब्द लिहायला हवा होता. तो पडद्यावर दिसत नाही, टॉकबॅकला मात्र कळतो.

बटण मी दाबून दिले. काका म्हणाले, “तूर उबळली.” यंत्राने ऐकले ‘उकळली’, आणि वरण करायची रीत सांगितली! काका पोट धरून हसले. मग ‘मर रोग’ म्हटल्यावर उत्तर आले, झाडाचा फोटो पाठवा. आता न दिसणाऱ्याने फोटो कसा काढावा? जमिनीत ओल असून शेंडा मलूल आहे का, असे विचारले असते तर काकांनी हाताने पाहून सांगितले असते.

औशाकडच्या आमच्या बहिणीची अडचण उलटी. तिला ऐकू येत नाही. तिला उत्तर लिहून हवे, तेही छोट्या वाक्यांत, कारण ती खुणांच्या भाषेत वाढली. अडखळत बोलणाऱ्याचे वाक्य तर यंत्र मध्येच तोडते. त्याला थोडे थांबायला शिकवले पाहिजे.

आणि मंडळी, ही काही मेहेरबानी नव्हे. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले, की अशा डिजिटल सोयी वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

ॲप दाखवायला गावात माणूस येतो, तेव्हा फोन आधी अशांच्या हाती द्यावा आणि मदत न करता बघत बसावे. काकांनी तसे तालुक्याला कळवले आहे. पत्र मी लिहिले, अंगठा त्यांचा.