धूमकेतूची प्रत

डिसेंबर २०१८ मधील गोष्ट. विर्टानेन यांनीं १९४८ सालीं शोधलेला, सुमारें साडेपांच वर्षांनीं सूर्याकडे परतणारा धूमकेतु तेव्हां पृथ्वीपासून १ कोटि १६ लक्ष किलोमीटरांवर येणार होता. एके रात्रीं नातवास घेऊन मीं गच्चीवर गेलों.

धूमकेतु हा विरल डाग, तारका बिंदुवत्. तुलना कशी व्हावी? डागाचें तेज ध्यानांत ठेवून, दुर्बिणीचें भिंग फिरवून तारका तेवढीच पसरट करावयाची व ताडून पाहावयाचें. प्रतीचा अंक मोठा तों प्रकाश मंद. पांच प्रतींचें अंतर म्हणजे शंभरपट.

नातू म्हणाला, "पांच." मला सहांहून उजळ कांहीं दिसेना. छापील भाकितांतला अंक ठाऊक असल्यानें लेखणी तिकडे वळूं लागली.

"आजोबा, तुम्ही पाहिलेलें लिहितां कीं वाचलेलें?"

जन्मभर मुलांस नक्कल करूं नका म्हणून सांगितलें. आतां हा प्रश्न मजकडेच आला! मीं सहाच लिहिले. सूनबाईंनीं ते दोन अंक पाहिले आणि घरांत लपविलेला माझा मोतीबिंदु उघडकीस आला. महिन्याभरांत शस्त्रक्रिया झाली.

मापावयास गेलों धूमकेतु. मापला गेला माझा डोळा. वहींतले ते सहा मात्र मीं अद्यापि खोडलेले नाहींत.